शेजवलकर पहिल्यांदा वाचताना : 'पानिपत' घ्यावं की 'श्रीशिवछत्रपती'?

इतिहासकार त्र्यंबक शंकर शेजवलकरांचं एकच पुस्तक घ्यायचं म्हटलं की गाडी या दोन नावांवर येऊन थांबते. मी दोन्ही घेतली. कपाटातून पुन्हा पुन्हा बाहेर निघतं ते मात्र एकच.

'श्रीशिवछत्रपती' त्यांच्या निधनानंतर, १९६४ साली आलं आणि त्याला १९६६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. प्रस्तावना थोर आहे, यात वादच नाही. पण हे संकल्पित चरित्र : प्रस्तावना, आराखडा आणि साधनं, म्हणजे मूळ कागदपत्रं. माझं घोडं अडलं ते इथेच. प्रस्तावना वाचून मन तापलेलं असतं, आता आग्र्याबद्दल, राज्याभिषेकाबद्दल हा माणूस काय म्हणतो म्हणून पुढे जावं, तर चरित्र नाहीच. दोष कुणाचाच नाही, आयुष्य पुरलं नाही. तरी आराखडा वाचताना दर वेळी जीव हळहळतो, आणि साधनांत शिरायचं बळ उरत नाही. दोनदा मी तिथूनच परतलो.

'पानिपत : १७६१' मराठीत १९६१ साली आलं, लढाईला दोनशे वर्षं झाली तेव्हा. इथे घास पुरा मिळतो. वाचताना मी एका कोऱ्या कागदावर यमुनेची उभी रेघ ओढली, पश्चिमेला वर कुंजपुरा, त्याखाली पानिपत, पार खाली दिल्ली. ऑक्टोबर १७६० मध्ये मराठ्यांचे सेनापती सदाशिवराव भाऊसाहेब कुंजपुरा घेऊन वर असताना अब्दाली बागपतला नदी उतरला. तिथे फुली मारली आणि पोटात धस्स झालं : ती फुली पानिपत आणि दिल्ली यांच्या मधोमध पडली होती! रसद का तुटली, माणसं उपाशी का राहिली, ते त्या एका फुलीत कळलं.

भाऊसाहेबांची बाजू शेजवलकर हिरिरीने मांडतात. कुठेकुठे वकिली जरा जास्त होते, असं आपलं मला वाटतं. पण पुरावा समोर ठेवून मांडतात, त्यामुळे त्यांच्याशी मनातल्या मनात भांडता येतं. मी अजून भांडतो.

निबंधकार शेजवलकर हवे असतील तर त्यांचा 'निवडक लेखसंग्रह' जुन्या पुस्तकांत दिसला की सोडू नका.

अस्सल कागद वाचायची सवय असेल, तर 'श्रीशिवछत्रपती' आधी घ्यायला हरकत नाही. एरवी मी 'पानिपत'च हाती देईन, सोबत एक कोरा कागद आणि पेन्सिल.