जुनी पेटी, नऊ महिन्यांनंतर

‘पेटी केवढ्याला पडली?’ माझी जुनी हार्मोनियम बघून भजनी मंडळात दर गुरुवारी कुणी ना कुणी विचारतंच. मी १४,००० सांगते. ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. १४,००० मालकांना दिले, ९,५०० कारागिरांना, आणि सातारा-पुणे चार खेपा झाल्या, त्याही बाईमाणूस म्हणून अर्ध्या तिकिटात. त्याच सुमारास दोन सुरांची (सूर म्हणजे हवेनं वाजणारी पितळी जीभ, दर पट्टीला दोन) नवी, बरी पेटी मला २२,०००ला सांगितली होती. तेव्हा जुनी घेऊन पैसे वाचतात, हे आधी डोक्यातून काढा.

पेटी वाईतल्या एका वाड्यात, माळ्यावर होती. सागवानी, हातभात्याची, ३७ पट्ट्यांची, खर्ज-नर (एक सूर खालचा, जाड, एक मधला), वर कपलर, म्हणजे एक पट्टी दाबली की दुसऱ्या सप्तकातली तिची जोडपट्टीही दाबणारी सोय. घरच्यांनी तिचे तीन गुण सांगितले. सूर जर्मन. पट्ट्या हस्तिदंती. आणि आजोबांनी ही पेटी साठच्या दशकात रेडिओवर वाजवलेली.

तिसऱ्या गुणावर मी नुसतं ‘हो का’ म्हटलं. आकाशवाणीनं १९४० साली पेटीला बंदी घातली, ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. पेटीवर मींड, म्हणजे सुरावरून सुरावर सलग घसरणं, निघत नाही, तिचे बांधीव सूर आपल्या गाण्याला चालत नाहीत, अशी तक्रार होती. आजोबा साठच्या दशकात रेडिओवर गेले असतील, पण पेटी घेऊन नव्हे. घरातल्या आठवणीशी वाद घालायला मी गेले नव्हते, मात्र बाकीचे दोन गुणही तेवढ्याच मापानं मोजायचे, हे तिथंच ठरवलं. हस्तिदंताचा व्यवहार आपल्याकडे कायद्यानंच बंद आहे. पट्ट्या खरंच तशा असत्या तर मीच उठून आले असते. त्या सेल्युलॉइडच्या निघाल्या, चहा सांडल्यासारख्या पिवळ्या. दिसतात मात्र गोड.

आता पाहणीचं. सगळे वाजवून बघतात, मीही आधी तेच केलं. पण पहिली परीक्षा भात्याची, आणि ती एकही सूर न वाजवता होते. सगळे स्टॉपर, म्हणजे सुरांकडे हवा सोडणारे समोरचे खुंटे, बंद करायचे आणि भाता मारायचा. आतला भाता भरत आला की बाहेरचा हाताला अडू लागतो, जड होतो. मग हात काढून दहापर्यंत आकडे मोजायचे आणि पुन्हा एक हात मारायचा. तसाच जड लागला तर पेटी हवा धरते. पोकळ लागला तर भात्यात गळती आहे. आता स्टॉपर उघडायचे आणि पट्टीला बोट न लावता तेच पुन्हा करायचं. बंद असताना हवा टिकत होती आणि उघडल्यावर पळाली, तर दोष भात्यात नाही, पट्ट्यांखालच्या गाद्यांत आहे. माझ्या पेटीत पहिल्या खेपेला हवा टिकली. स्टॉपर उघडताच मधल्या सप्तकाचा एक पंचम आपणहून कण्हू लागला. गादी बसत नव्हती. हे दुरुस्त होणारं दुखणं आहे एवढं कळत होतं, म्हणून तिथंच भाव १७,००० वरून १४,००० वर आणला.

मग एकेक स्टॉपर उघडून खर्ज वेगळा ऐकला, नर वेगळा. दोन्ही एकदम वाजवले की एक दुसऱ्याची लबाडी झाकतो. ३७ दुणे ७४ सूर. वेळ लागतो. यजमानांचा चहा दोनदा झाला, तरी लाजले नाही. दोन सूर मुके होते, चार-पाच उशिरा बोलत होते.

चुकले ते पुढं. वरची फळी उघडून आत बघायला हवं होतं. चार स्क्रूचं काम. ‘उगाच कशाला, इतकी वर्षं उघडलेली नाही’ असं मालक म्हणाले आणि मी भिडेला पडले. इतकी वर्षं उघडलेली नाही, हेच तर उघडायचं कारण! पुण्यात कारागीर काकांनी उघडली तेव्हा गाद्यांच्या फेल्टला कसर लागलेली, कातडी पापडासारखी मोडत होती, आणि कोपऱ्यात झुरळाची दोन वाळकी अंडी. लाकूड तेवढं ठणठणीत होतं. भुंग्याचं छिद्र नाही, भुसा नाही.

आणि जर्मन सूर? काकांनी सुरांची फळी उजेडाकडे तिरकी धरली. ‘ताई, हे अकरा बघा.’ पितळ जरा फिकं, रिव्हेट वेगळं. मधे कधीतरी मोडलेल्या सुरांच्या जागी पालिताण्याचे बसवलेले. भावनगर जिल्ह्यातल्या त्या गावात पेटीचे सूर हातानं घडवतात. माझा चेहरा पडला. काकांनी दोन्ही जातींचे चार सूर वाजवून दाखवले आणि कुठला कुठला ते ओळखायला सांगितलं. चारपैकी दोन चुकले. तेव्हापासून कुणी ‘जर्मन’ म्हणून वरचे पैसे मागितले की मला त्या दोन चुका आठवतात.

दुरुस्तीत नवं फेल्ट-कातडं, भात्याच्या दोन कोपऱ्यांना पट्ट्या, सगळे सूर साफ, आणि शेवटी लावणी. म्हणजे सूर लावणं, फडावरची नव्हे. ती बघायला मी मुद्दाम थांबले. सुराची जीभ गवताच्या पातीएवढी. तिच्याखाली पितळेचा पातळ पत्रा सरकवायचा म्हणजे दाब सहन होतो. टोकाशी खरवडलं की सूर चढतो, मुळाशी खरवडलं की उतरतो. काका दोन ओरखडे काढत, सूर जागेवर बसवत, भाता मारून खर्जाबरोबर ऐकत. दोन सुरांत फरक असला की लाट ऐकू येते, वँव-वँव-वँव. फरक घटला की लाट लांबते. ती पार विरली की पुढचा सूर. एका धैवताला त्यांनी सहा वेळा काढलं-घातलं, तोवर माझं बोलणं आपोआप बंद झालं होतं.

त्यांनी आधीच विचारलं होतं, ‘कुठल्या पट्टीत गाता? गांधार तंबोऱ्याचा ठेवू की सरसकट लावू?’ मी काळी चारमध्ये गाते, म्हणजे चौथी काळी पट्टी माझा षड्ज. त्या षड्जाला धरून लावली असती तर गांधार तंबोऱ्यातून आपोआप उमटतो तसा मिळाला असता. सरसकट, म्हणजे बाराही सूर सारख्या अंतरावर, लावलेल्या पेटीत तो सुमारे १४ सेंट चढा असतो (शेजारच्या दोन पट्ट्यांतलं अंतर १०० सेंट). पण मंडळात एक काकू पांढरी चारला, अप्पा पांढरी एकला. एकीचा गांधार गोड करून बाकीच्यांची वाट लावायची नव्हती. सरसकटच लावून घेतली. एकटी रियाज करते तेव्हा हळहळ वाटते, खोटं कशाला सांगू.

कपलर पहिल्याच महिन्यात काढायला लावला. खालच्या सप्तकाची जोडपट्टी ओढताना बोट जड होत होतं, ताना अडखळत होत्या. आवाजाचा भरणा कमी झाला, पण देवळात गुरुवारी चाळीस माणसं टाळ कुटत असताना भरणा कुणाला कळतोय.

खरी परीक्षा पावसाळ्यात झाली. जुलैत तीन पट्ट्या फुगून शेजारणीला चिकटल्या, दाबली की वर येईना. मी काकांना फोन केला, जरा कानस मारू का? ‘अजिबात नको. पावसात घासाल तर दिवाळीत खुळखुळेल.’ मग सिलिका जेलच्या पुड्या आत ठेवल्या आणि भिंतीला टेकवलेली पेटी खोलीच्या मध्यावर आणली. दोन पट्ट्या सुटल्या, तिसरी सप्टेंबरअखेर सुटली. तेवढे दिवस कोमल निषाद टाळून गायले. भीमपलास, बागेश्री दोन्ही बंद.

आज ती हवा छान धरते. दहा मोजले तरी भाता जड लागतो. नर गोल आणि मऊ आहे, नव्या पेट्यांसारखा कानात घुसत नाही, ही माझी आवड म्हणा. खर्जातला एक मध्यम मात्र थंडी पडल्यापासून पुन्हा उशिरा बोलतोय. मंदसा भाता मारला तर बोलतच नाही, धक्का दिला की खडबडून उठतो. बहुतेक जिभेखाली कण अडकलाय. चार स्क्रू काढून बघायचा मोह रोज होतो. काकांनी आतल्या कशालाही हात न लावण्याची शपथ घातली आहे, म्हणून पुढच्या महिन्यात पाचवी खेप.