ऑटिझम आणि वर्तनसमस्या: शिक्षकांनी शिकायचं कुठून?

"कुठला कोर्स करू?" असं एखादी शिक्षिका विचारते, तेव्हा मी तिलाच उलट विचारते: दिवसातल्या कुठल्या तासाला तुझा जीव मेटाकुटीला येतो? याचं नेमकं उत्तर मिळालं की निवड निम्मी झालीच म्हणायची. "मुलं मैदानावरून परत आली की एकजण हटकून कुणाला तरी मारतो" असं सांगणारीला एक साधन कामाला येतं. "तो बोलत नाही, त्याला काय हवंय तेच मला उमगत नाही" म्हणणारीला दुसरंच. चौदा वर्षं विशेष शिक्षिका म्हणून काम करताना यातली बरीच साधनं मी स्वतः वापरली, सहकाऱ्यांना वापरायला लावली आणि काही अर्ध्यावर सोडली. त्या अनुभवावरून हे लिहिते आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, कारण तिच्यावर पुढची सगळी तुलना उभी आहे. दोन मुलं बाकाखाली जाऊन बसतात. एकाला पंख्याची घरघर आणि वर्गातला गलका सहन होत नाही. दुसऱ्याला वाचता येत नाही आणि आता वाचायची पाळी आपलीच, हे त्याला ठाऊक आहे. पहिल्याला "नीट बसलास तर स्टार मिळेल" म्हटल्याने पंखा शांत होत नाही, आणि दुसऱ्याच्या कानांवर हेडफोन चढवल्याने त्याला वाचता येत नाही. वागणं एक, कारणं दोन. त्यात कित्येक मुलांच्या बाबतीत दोन्ही एकत्र असतं. ऑटिझम आणि एडीएचडी (लक्ष टिकवणं, स्वस्थ बसणं अवघड जाणं) ही निदानं एकाच मुलाला देण्याची मुभा 2013 मध्ये डीएसएम-5 ही मानसिक विकारांच्या निदानाची अमेरिकी नियमावली आल्यावर मिळाली, त्याआधीच्या आवृत्तीत ती नव्हती. आवाज, प्रकाश, स्पर्श यांबद्दलची वेगळी संवेदनशीलताही त्याच वेळी निदानाच्या निकषांत आली. म्हणून कुठलंही साहित्य हाती आलं की आधी ते कधीचं आहे ते मी बघते. ॲस्पर्गरला (जे आता ऑटिझममध्येच धरतात) वेगळं निदान मानणारं आणि संवेदनांबद्दल अक्षरही नसलेलं साहित्य अजूनही फिरत असतं.

आयरिस की अफर्म?

बहुतेकांची निवड या दोनांवर येऊन अडते. आयरिस सेंटर अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाचं, अफर्म चॅपल हिलच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचं. दोन्ही शिक्षकांसाठीची ऑनलाइन प्रशिक्षण-साधनं, दोन्हींचं साहित्य मोफत आणि मुख्यतः इंग्रजीत. स्वभाव मात्र पूर्ण वेगळे.

आयरिसचं मॉड्यूल, म्हणजे एका विषयावरचा ऑनलाइन पाठ, वर्गातल्या एका प्रसंगापासून सुरू होतं. काही शिकवण्याआधीच विचारतं, तुम्ही काय कराल? मग माहिती, व्हिडिओ, तज्ज्ञांचं बोलणं, आणि शेवटी पुन्हा तोच प्रश्न. आपलं आधीचं उत्तर शेजारी ठेवून बघताना आपण किती घाईने निष्कर्ष काढला होता ते दिसतं. माझ्या मते त्यातली सर्वांत मोलाची दोन मॉड्यूल वर्तनाबद्दलची आहेत. एकात मूल भडकतं ते सात टप्प्यांत समजावलं आहे: शांत, ठिणगी, अस्वस्थता, चढ, कळस, उतार, सावरणं. शिक्षकाच्या हातात बरंच काही असतं ते ठिणगी आणि अस्वस्थतेच्या टप्प्यांवर. कळसाला पोचलेल्या मुलाशी कमीत कमी बोलायचं आणि सगळ्यांना सुरक्षित ठेवायचं, एवढंच. मी कित्येक वर्षं नेमकी कळसाच्या क्षणी समजूत घालत बसायचे.

दुसरं मॉड्यूल वर्तनामागचा हेतू शोधण्याचं. एक मुलगा गणिताच्या तासाला वहीचं पान टराटरा फाडायचा. त्याला लक्ष वेधून घ्यायचंय याची मला खात्री होती. मॉड्यूलमध्ये सांगितल्याप्रमाणे तीन रकान्यांत नोंद ठेवली: आधी काय घडलं, त्याने काय केलं, लगेच नंतर काय झालं. दोन आठवड्यांत 14 प्रसंग जमले. त्यातले 11 फळ्यावरचं उतरवून घ्यायला सांगितल्यावरचे होते. तोंडी गणिताला एकदाही नाही. तिसऱ्या रकान्यात माझ्याच अक्षरात पुन्हा पुन्हा तेच लिहिलेलं होतं: "वर्गाबाहेर उभा केला." मी ज्याला शिक्षा म्हणत होते ती त्याची सुटका होती. फळा आणि वही यांच्यामध्ये नजर वरखाली करताना त्याची ओळ हरवत होती. उदाहरणं लिहिलेली चिठ्ठी वहीशेजारी ठेवू लागले आणि पानं फाडणं जवळजवळ थांबलं.

आयरिसची उणीव अशी की त्यातल्या शाळांमध्ये मदतनीस, सल्लागार, पूर्ण टीम असते. एकटीने वर्ग सांभाळणारीला प्रत्येक सूचना आपल्या बेताने कापून घ्यावी लागते. शिवाय ऑटिझमची ओळख त्यात चांगली होते, पण अमुक पद्धत उद्या सकाळी पायरीपायरीने कशी वापरू, हे तितकं हाती लागत नाही.

ते अफर्ममध्ये लागतं. ऑटिझमवरच्या संशोधनाचा एक मोठा आढावा 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पुरेसा पुरावा असलेल्या 28 पद्धती मोजल्या आहेत, आणि अफर्मची मॉड्यूल अशा एकेका पद्धतीवर बेतलेली आहेत: दृश्य आधार, सवंगड्यांच्या मदतीने शिकवणं, व्हिडिओ दाखवून शिकवणं वगैरे. प्रत्येकात तयारी, वापर आणि पाठपुरावा असे तीन भाग, सोबत तपासणी यादी, नोंदतक्ते आणि पालकांना द्यायचा कागद. ती तपासणी यादी हेच अफर्मचं खरं देणं. एका मुलीसाठी मी चित्रांचं वेळापत्रक करून भिंतीवर लावलं होतं. तीन आठवडे उलटले, फरक शून्य. "हे हिला चालत नाही" असं मी म्हणूनही टाकलं होतं. यादी काढून टिकमार्क करत गेले तेव्हा कळलं, वेळापत्रक वापरायचं कसं हे मी तिला शिकवलंच नव्हतं. प्रत्येक तास संपल्यावर तिला तिथवर नेणं, चित्र काढून "झालं"च्या पाकिटात टाकणं, पुढचं चित्र बघणं, आणि मग हळूहळू आपला हात सोडवून घेणं, हे सगळं गाळून मी फक्त भिंत सजवली होती.

अफर्मची मर्यादा म्हणजे मुलाला काय शिकवायचं ते तुम्ही आधीच ठरवलेलं आहे असं ते धरून चालतं. 28 पैकी कुठली पद्धत तुमच्या मुलाला लागू पडेल, हे यादी सांगू शकत नाही. आणि एखादी पद्धत परिणामकारक आहे म्हणून तिने साधायचं ध्येय योग्यच ठरतं असंही नाही. डोळ्यांत बघूनच बोल, हात हलवू नकोस, अशी ध्येयं ठेवण्याला ऑटिस्टिक प्रौढांनी कडाडून विरोध केला आहे, आणि तो विरोध मला पटतो.

दोनांत एकच करायचं तर? वर्तनाने हैराण असाल तर आयरिस. निदान झालेलं आहे, मूल शांत आहे पण शिकणं अडलंय, अशा वेळी अफर्म.

सतत भडकणाऱ्या मुलासाठी

इथे मी तिसरंच नाव पुढे करते. बालमानसशास्त्रज्ञ रॉस ग्रीन यांची पद्धत आणि त्यांच्या 'लाइव्हज इन द बॅलन्स' या संस्थेचं मोफत साहित्य. त्यांची भूमिका अशी की मुलाला जमत असतं तर त्याने नीट वागूनच दाखवलं असतं. कुठलं तरी कौशल्य कमी पडतंय, ते कुठलं हे शोधा. बक्षीस आणि शिक्षेच्या तक्त्यांपेक्षा ही वाट वेगळी आहे. आयरिसमधल्या वर्तनशास्त्राशी तिचं सगळ्या मुद्द्यांवर जुळतही नाही, हे निवडताना ठाऊक असावं.

मला सर्वांत उपयोगी पडला तो त्यातला लिहिण्याचा नियम. अडचण लिहिताना वर्तनाचा उल्लेखच करायचा नाही. "वही फाडतो" असं न लिहिता "फळ्यावरची उदाहरणं वहीत उतरवून घेणं अवघड जातं" असं लिहायचं. पहिलं वाक्य मुलासमोर उच्चारलं की तो मान खाली घालतो. दुसऱ्या वाक्याने बोलणं सुरू होऊ शकतं. मग आधी त्याचं म्हणणं ऐकून घ्यायचं, नंतर आपली काळजी सांगायची, आणि दोघांनाही चालेल असा तोडगा मिळून काढायचा. याला वेळ लागतो, आणि हे बोलणं भांडणाच्या ऐन क्षणी करायचं नसतं. ज्या मुलांना शब्दांत सांगता येत नाही त्यांच्यासाठी चित्रं, हो-नाहीच्या खुणा वापरून बरंच बदलून घ्यावं लागतं. तिथे नवशिक्या शिक्षिकेने एकटीने धडपडू नये.

ऑटिस्टिक माणसांचं म्हणणं कुठे ऐकू येतं?

हा निकष मी पूर्वी लावतच नव्हते. आता सर्वांत आधी लावते. इंग्लंडमधला ऑटिझम एज्युकेशन ट्रस्ट 2007 पासून काम करतो. त्याचं प्रशिक्षण बालवाडी, शाळा आणि सोळा वर्षांपुढच्या शिक्षणासाठी वेगवेगळं आहे, आणि त्यात ऑटिस्टिक मुलामाणसांचे अनुभव मध्यवर्ती आहेत. मूल कसं बदलेल याच्याआधी वर्ग कसा बदलता येईल, हे तिथे विचारलं जातं. डेमियन मिल्टन या ऑटिस्टिक संशोधकाने 2012 मध्ये मांडलेली दुहेरी सहानुभूतीची कल्पनाही शिक्षकाने एकदा समजून घ्यावी: ऑटिस्टिक मुलाला आपण कळत नाही, तसंच आपल्यालाही ते मूल कळत नाही, दरी दोन्ही बाजूंनी असते. ट्रस्टचं प्रशिक्षण प्रामुख्याने तिथल्या शाळांसाठी आखलेलं आहे. इतरत्र असाल तर त्यांच्या साहित्यातला विचार घ्या, तंत्र अफर्ममधून घ्या.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. पीबीआयएस म्हणजे चांगल्या वागण्याला आधार देणारी तीन स्तरांची रचना, ती सगळी शाळा मिळून राबवायची असते. मुख्याध्यापकांचा पाठिंबा नसेल तर एकट्या वर्गशिक्षिकेने त्यात वेळ घालवू नये. जागतिक आरोग्य संघटनेचा काळजीवाहकांसाठीचा अभ्यासक्रम 2 ते 9 वर्षांच्या, विकासात मागे असलेल्या किंवा ऑटिझम असलेल्या मुलांच्या घरच्यांसाठी आहे. प्रत्यक्ष स्वरूपात त्यात नऊ गटसत्रं आणि तीन गृहभेटी असतात, ऑनलाइन आवृत्ती 2022 मध्ये आली. शिक्षकांसाठी नसला तरी पालकांशी एका भाषेत बोलायचं असेल तर जरूर बघावा.

चाळीस तासांचं प्रमाणपत्र

याबद्दल मात्र थांबून सांगायलाच हवं, कारण जाहिराती याच्याच जास्त दिसतात. 'आरबीटी' म्हणजे वर्तन तंत्रज्ञ. त्यासाठी 40 तासांचं प्रशिक्षण, नंतर प्रत्यक्ष कौशल्याची तपासणी आणि परीक्षा असते. पुढेही महिन्याच्या कामापैकी किमान 5 टक्के तास देखरेखीखाली व्हावे लागतात. हे काम एका मुलासोबत एकाने करायचं, तेही वरिष्ठाच्या आखणीनुसार. वर्गशिक्षिकेचं काम त्याहून फार वेगळं. शिवाय प्रमाणपत्र देणाऱ्या अमेरिकी मंडळाने 2023 पासून मोजके देश वगळता बाहेरच्या नव्या अर्जदारांसाठी दार बंद केलं आहे. म्हणजे 40 तास पूर्ण केले तरी बहुतेक ठिकाणी ती पदवी लावता येणार नाही. पैसे भरण्याआधी हे विचारून घ्या.

मुलाला धरण्या-आवरण्याचं तंत्र व्हिडिओवरून शिकवणारा कोर्स तर कुणीच घेऊ नये. तिथे मुलाला आणि शिक्षकाला दोघांनाही इजा होऊ शकते. मूल स्वतःला जखमा करून घेत असेल तर वर सांगितलेलं एकही साधन पुरेसं नाही, तज्ज्ञाकडे पाठवण्यात दिवस घालवू नका.

एक दिवसाची कार्यशाळा की वर्षभराची सोबत?

ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी 1980 च्या दशकापासून हेच मांडलं की ऐकून आणि प्रात्यक्षिक बघून शिक्षकाला माहिती मिळते, पण ती वर्गात उतरायला सराव, अभिप्राय आणि सोबत लागते. मी स्वतः किती तरी कार्यशाळांच्या फायली कपाटात लावून ठेवल्या आहेत. म्हणून निवड करताना एक प्रश्न विचाराच: शिकलेलं मी करताना कुणी मला बघणार आहे का? सशुल्क कोर्समध्ये ती सोय असेल तर पैसे देणं मला योग्य वाटतं. नसेल तर तीच माहिती मोफत साधनांत मिळते.

सोय नसेल तर ती आपण करून घेता येते. शेजारच्या वर्गाच्या बाईंना मी पंधरा मिनिटं मागच्या बाकावर बसायची विनंती केली. सोबत अफर्मची तपासणी यादी आणि एक कोरा कागद दिला. यादी तिने व्यवस्थित भरली. कोऱ्या कागदावर एकच गोष्ट लिहिली होती: पहिल्या सहा मिनिटांत मी चित्रांच्या वेळापत्रकवाल्या त्या मुलीला नऊ वेळा "थांब" म्हणाले, आणि एकदाही कशासाठी थांबायचं ते सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी मी "थांब"ऐवजी पुढचं चित्र बोटाने दाखवायला सुरुवात केली. ती चित्राकडे बघायची, मग माझ्याकडे, आणि जागेवर जाऊन बसायची.