साठ फुटांचा आकडा आणि चौदाशे सत्तर डॉलर

मंडळाच्या गणपतीत महाप्रसादाच्या रांगेत नाशिकचा एक मुलगा भेटला. इथे मिशिगनमध्ये शिकायला आला, आता नोकरीला लागलाय आणि जुनी मस्टँग घेऊन सुट्टीच्या दिवशी मायलनच्या ड्रॅग ट्रॅकवर, म्हणजे सरळ रेषेतल्या शर्यतीच्या पट्ट्यावर, जातो. द्रोण हातात धरून त्याने विचारलं, "दादा, गाडीला नायट्रस बसवतोय. दुकानवाला म्हणतो, प्रोग्रेसिव्ह कंट्रोलर नसेल तर इंजिन फुटेल. खरंय का हे?"

तीन वर्षांपूर्वी हेच वाक्य जवळजवळ याच शब्दांत मी ऐकलं होतं आणि त्यावर विश्वास ठेवून १,४७० डॉलर मोजले होते. रांगेत त्याला जमेल तेवढं सांगितलं. पण आपली बरीच मुलं इकडे या नादाला लागलेली दिसतात, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

माझी गाडी २००१ ची शेवरले कॅमारो झेड-२८. ५.७ लिटरचं एलएस-१ इंजिन, कंपनीच्या आकड्याप्रमाणे ३१० हॉर्सपॉवर, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. नायट्रसचा १२५ चा संच मी स्वतः बसवला होता. माझं बालपण भोसरीत वडिलांच्या वर्कशॉपमध्ये गेलं, त्यामुळे पाना हातात धरायची भीती नव्हती. पण त्याच वर्कशॉपमुळे दुसरी एक सवयही लागली होती. मिस्त्रीने सांगितलं की ते खरंच असणार, असं मी मानून चालायचो.

ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. नायट्रस ऑक्साइड हे इंधन नाही, ते स्वतः जळत नाही. इंजिनाच्या सिलिंडरमधल्या उष्णतेने ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास त्याचे रेणू तुटतात आणि ऑक्सिजन मोकळा होतो. हवेत वजनाने साधारण २३ टक्के ऑक्सिजन असतो, नायट्रसमध्ये ३६. त्यामुळे जास्त पेट्रोल जाळता येतं आणि तेवढी ताकद वाढते. १२५ चा शॉट म्हणजे सुमारे १२५ हॉर्सपॉवरची भर. ती किती असावी हे नॉझलमधले (फवारा सोडणाऱ्या तोटीतले) दोन बारीक छिद्रांचे जेट ठरवतात, एक नायट्रसचा आणि एक पेट्रोलचा. नायट्रसची बाटली आणि नॉझल यांच्यामध्ये असतो सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडणारी झडप. साध्या जोडणीत तो एकदम पूर्ण उघडतो. प्रोग्रेसिव्ह कंट्रोलर असेल तर तो एका सेकंदात दहा-वीस वेळा उघडतो आणि मिटतो. सुरुवातीला प्रत्येक वेळी अगदी थोडा वेळ उघडा राहतो, मग हळूहळू जास्त. ३० टक्क्यांपासून सुरू होऊन दोन सेकंदांत पूर्ण शॉट, अशी काहीतरी मांडणी असते. उपकरण खरं आहे, उपयोगाचंही आहे. माझी तक्रार त्या उपकरणाबद्दल नाही.

मी दुकानात गेलो त्याचं कारणही खरं होतं. ट्रॅकवर प्रत्येक धावेनंतर छापील स्लिप मिळते. नायट्रसशिवाय माझा पहिल्या साठ फुटांचा वेळ होता २.०४ सेकंद आणि पाव मैल १३.६१. सुटतानाच नायट्रस सोडला की साठ फूट २.३७ आणि पाव मैल १३.०८. पुढे ताकद लागत होती, पण सुरुवातीला मागची चाकं नुसती जागच्या जागी फिरत होती.

दुकानाच्या मालकाने स्लिप मागितली नाही, मीही दाखवली नाही. टायर बघितले नाहीत. बाटलीचा दाब किती ठेवता, इग्निशनचं टायमिंग किती मागे घेतलंय, म्हणजे ठिणगी किती उशिरा पडते, स्पार्क प्लग कुठले, काहीच विचारलं नाही. भिंतीवर धावांचे फोटो होते, काउंटरवर एक वितळलेला पिस्टन ठेवला होता. तो माझ्या हातात देऊन म्हणाला, "कंट्रोलर नव्हता, म्हणून हे झालं. तुझ्या इंजिनात तर ओतीव, म्हणजे घडीवपेक्षा नाजूक, पिस्टन आहेत." तो पिस्टन हातात घेतल्यावर माझी विचारशक्ती संपली, हे मी कबूल करतो. वाढदिवसाला बायकोने घेतलेलं हेल्मेट गाडीत होतं, त्याचीच आठवण झाली.

त्याच्या बोलण्यात अर्धं सत्य होतं, आणि फसवणूक त्या अर्ध्या सत्यावरच उभी होती. नायट्रसचा प्रवाह इंजिनाच्या वेगाबरोबर कमी होत नाही. इंजिन २,००० आरपीएमला (मिनिटाला फेरे) असेल तर ४,००० च्या मानाने प्रत्येक फेऱ्याला सिलिंडरमध्ये दुप्पट नायट्रस शिरतो आणि दाब भडकतो. हे खरंच धोक्याचं आहे. पण त्यावरचा उपाय म्हणजे विंडो स्विच. ३,००० च्या वर गेल्याशिवाय नायट्रस चालू होऊ द्यायचा नाही आणि रेव्ह लिमिटर (इंजिनाचा वेग मर्यादेवर रोखणारी सोय) लागण्याआधी बंद करायचा, एवढंच काम तो करतो, आणि कंट्रोलरच्या पाव किमतीतही मिळतो. त्याचं नाव दुकानात निघालंच नाही. आणि एकदा शॉट पूर्ण चालू झाला की कंट्रोलर असो वा नसो, सिलिंडरमधला दाब तोच असतो. तिथे पिस्टन वाचतो तो पेट्रोल पुरेसं पोचल्यामुळे, टायमिंग मागे घेतल्यामुळे आणि थंड जातीच्या, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणाऱ्या, प्लगमुळे. काउंटरवरचा पिस्टन बहुतेक पेट्रोल कमी पडून वितळला असावा. तो कंट्रोलर नसल्याने वितळला, हे कोणीही सिद्ध करू शकत नव्हतं.

हिशेब असा झाला. कंट्रोलर ६४० डॉलर. "जुने सोलेनॉइड असं उघड-बंद सहन करणार नाहीत" म्हणून नवे दोन, ३८०. मजुरी ४५०. रोख दिले तर कर नाही, म्हणाला. मी एटीएममधून पैसे काढून आणले. पावतीवर फक्त 'नायट्रसचं काम' आणि एकूण रक्कम. माझे जुने सोलेनॉइड मागितले तर म्हणाला भंगारात गेले.

पुढच्या शनिवारी ट्रॅकवर गेलो. डॅशबोर्डखाली छान काळा डबा, त्यावर हिरवा दिवा. साठ फूट २.३६. पाव मैल १३.०६. फोन केला तर उत्तर आलं, सेटिंग जमायला चार-पाच धावा लागतात. चार धावा केल्या, आकडे हलेनात. मग त्याने दोनशे डॉलरमध्ये लॅपटॉपवर सेटिंग करून देतो म्हणून सांगितलं. मी ते द्यायलाही तयार झालो होतो.

ते पैसे वाचले शेजारच्या ओहायोतल्या टोलेडोहून आलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थामुळे. रांगेत माझ्या शेजारी त्यांची गाडी होती. माझं बॉनेट उघडं होतं, बाटलीचा वॉल्व्ह मी नुकताच उघडला होता. ते सहज डोकावले आणि एकदम ओरडले की बाटली बंद कर आणि किल्लीला हात लावू नकोस. नॉझलवर पांढरं दव गोठत होतं. बटण दाबलेलंच नव्हतं, तरी नायट्रस आत झिरपत होता. माझ्या इंजिनाचं इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणारा भाग, प्लास्टिकचं आहे. ते नायट्रसने भरलेलं असताना मी स्टार्टर मारला असता तर बॅकफायर होऊन, म्हणजे आतच भडका उडून, त्याचे तुकडे उडाले असते, आणि माझा एक पुतण्या बंपरपाशी वाकून मोबाईलवर व्हिडिओ काढत होता. हे लिहितानाही पोटात गोळा येतो.

गाडी ढकलत रांगेबाहेर काढली. इग्निशन आणि पेट्रोलचे फ्यूज काढले, थ्रॉटल (हवेची झडप) पूर्ण उघडा ठेवून इंजिन स्टार्टरने नुसतं फिरवलं आणि आतला वायू बाहेर काढला. मग त्यांनी आपल्या ट्रेलरमधून साधा बारा व्होल्टचा टेस्ट लॅम्प आणला. सोलेनॉइडच्या वायरी सोडवून त्यांच्या जागी दिवा लावला आणि मला बटण दाबायला सांगितलं. कंट्रोलर खरा असेल तर दिवा आधी मंद लागतो, थरथरतो आणि दोन सेकंदांत उजळत जातो. माझा दिवा पहिल्याच क्षणी लख्ख पेटला. डबा उघडला. आत एक साधा रिले, म्हणजे फक्त चालू-बंद करणारा विजेचा स्विच, आणि एक हिरवा एलईडी. बाकी डबा रिकामा होता. सोलेनॉइडवरचा काळा रंग नखाने खरवडला, तर खाली जुने ओरखडे आणि आतलं सील खड्डे पडलेलं. कोणा दुसऱ्याच्या गाडीतून काढलेले असणार. माझे 'भंगारात गेलेले' सोलेनॉइड मग कुठल्या मुलाच्या गाडीत नवे म्हणून बसले असतील, हा प्रश्न आजही जात नाही.

दुकानात परत गेलो. तो शांतपणे म्हणाला, मी तर चांगला माल दिला होता, ट्रॅकवर कोणी बदलला असेल. पावतीवर कंट्रोलरचं नाव नाही, सिरीयल नंबर नाही. कार्डाने पैसे दिले असते तर बँकेकडे हरकत घेता आली असती. मिशिगनमध्ये गाडी दुरुस्तीच्या दुकानांची नोंदणी सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कार्यालयाकडे असते आणि तक्रारही तिथेच करता येते. कामाआधी लेखी अंदाज मागण्याचा आणि काढलेले सुटे भाग परत घेण्याचा ग्राहकाला हक्क आहे. हे मला तक्रारीचा अर्ज भरताना कळलं. मध्यस्थीनंतर ५०० डॉलर परत आले, बाकीचे गेले.

आता मूळ प्रश्न, कंट्रोलर लागतो की नाही. मी त्या मुलाला सांगितलं की आधी नायट्रसशिवायच्या तीन स्लिप आणि नायट्रससह तीन स्लिप शेजारी ठेव. फक्त साठ फुटांचा आकडा बघ. दोन्हींत तो जवळपास सारखा असेल तर टायर जमीन धरतोय, तुला कंट्रोलर लागत नाही. नायट्रससह तो बिघडत असेल, तरी खिशात हात घालण्याआधी टायर बघ. माझे टायर सहा वर्षांचे, रस्त्यावरचे, दगडासारखे झालेले होते. ड्रॅग रेडियल, म्हणजे जास्त पकडीचे शर्यतीचे टायर, घातले, हवा १८ पीएसआयवर आणली, नीट बर्नआउट केला (चाकं जागेवर फिरवून टायर तापवले), आणि गाडी सुटल्यावर एका सेकंदाने नायट्रस चालू होईल असा साधा टाइमर लावला. साठ फूट १.८७, पाव मैल १२.४४. कंट्रोलर नाहीच.

एवढं करूनही चाक फिरत राहिलं, शॉट २०० च्या पुढचा असला, ट्रॅक दर आठवड्याला वेगळा मिळत असला, तर प्रोग्रेसिव्ह कंट्रोलर जरूर घ्यावा. तेव्हा तो पैसे वसूल करतो, गिअरबॉक्स आणि मागच्या ॲक्सलवरचा धक्काही कमी करतो. पण त्याच्याबरोबर पल्सिंगसाठी, म्हणजे सतत उघड-बंद होण्यासाठी, बनवलेलेच सोलेनॉइड हवेत, ते पेटीबंद, तुमच्या डोळ्यांदेखत उघडलेले. नायट्रस आणि पेट्रोल दोन्हींचे सोलेनॉइड कंट्रोलरवर असायला हवेत. पेट्रोलचा एकटाच कंट्रोलरवर टाकला आणि नायट्रस पूर्ण उघडा राहिला, तर पेट्रोल कमी पडून तो काउंटरवरचा पिस्टन तुमच्याच इंजिनात तयार होईल. आणि गाडी ताब्यात घेण्याआधी, बाटली बंद, लाइन रिकामी आणि पेट्रोलचा सोलेनॉइड सोडवलेला असताना बटण दाबून ऐका. एकच 'टक' आवाज आला तर कंट्रोलर काम करत नाही. खऱ्याचा आवाज टरटर येतो.

नाशिकच्या मुलाने काल त्याच्या स्लिपचे फोटो पाठवले. नायट्रसशिवाय साठ फूट १.९८, १.९९, २.०१. नायट्रससह २.००, १.९८, २.०२. दुकानवाल्याला त्याने 'कंट्रोलर नसल्यास इंजिन फुटेल' असं अंदाजपत्रकावर लिहून मागितलं. त्याने लिहून दिलं नाही. मुलाने विंडो स्विच मागवलाय. शनिवारी दोघं मिळून बसवणार आहोत, आणि त्या आजोबांनी दिलेला टेस्ट लॅम्प मी आताच बॅगेत टाकून ठेवलाय.