जुनी मंडळी की नवी फेलोशिप? सातारा-सांगलीत नव्याने येणाऱ्यांसाठी

ख्रिस्ती आहात आणि बदलीवर साताऱ्याला किंवा मिरजेला आलात, तर पाटीवरच्या पंथाच्या नावावरून मंडळी, म्हणजे चर्च, निवडू नका. ते नाव आता फारसं काही सांगत नाही. साताऱ्यात मूळ काम अमेरिकन मराठी मिशनचं, म्हणजे काँग्रिगेशनल या प्रोटेस्टंट पंथाचं. मिरजेत प्रेस्बिटेरियन या दुसऱ्या प्रोटेस्टंट पंथाचं, तिथलं वानलेस हॉस्पिटल त्यांनीच उभारलं. हा फरक निदान कागदावर 1924 मध्येच मिटला, दोन्ही मिळून युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया झालं तेव्हा. मग 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात ते धरून सहा चर्चं एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे सीएनआय झालं. जुनी मंडळी म्हणजे हीच. पंथाच्या भिंती नकोशा वाटणंही आजचं नाही. कवी ना. वा. टिळकांनी 1917 मध्ये मिशन सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती.

बाप्तिस्मा आधी पाहा. सीएनआयमध्ये बाळाचा चालतो, पुढे दृढीकरण, म्हणजे मोठं झाल्यावर विश्वासाची जाहीर कबुली, होतं. मोठेपणी घेतला तरी चालतो. बहुतेक फेलोशिपमध्ये, म्हणजे नव्या स्वतंत्र प्रार्थनासभांमध्ये, मात्र विश्वास कबूल करून पाण्यात पूर्ण बुडवूनच. बाळपणीचा तिथे धरत नाहीत, पुन्हा घ्या म्हणतात. इथे घाई नको: दुसरा बाप्तिस्मा सीएनआय मानत नाही. कॅथलिक चर्च पित्या-पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने पाण्याने झालेला मानतं. फक्त ‘येशूच्या नावाने’ दिलेला मानत नाही.

खरी फसगत लग्नात होते. 1872 च्या ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार लग्न लावणाऱ्याला तसा अधिकार किंवा परवाना लागतो, शिवाय लग्न लावणाऱ्या पाळकाखेरीज (धर्मगुरूखेरीज) दोन साक्षीदार आणि नोंदवहीत सह्या. हॉलमध्ये थाटात लग्न होतं, लेटरहेडवर दाखला मिळतो आणि पासपोर्टच्या वेळी कळतं की पास्टरकडे परवानाच नव्हता. मग 30 दिवसांची नोटीस देऊन विशेष विवाह कायद्याने नव्याने लग्न करा. म्हणून हॉल ठरवण्याआधी परवाना मागा. ज्याच्याकडे तो आहे, तो चिडत नाही.

दफनाचा विचार कुणी आधी करत नाही. भाड्याच्या हॉलमधल्या फेलोशिपला सहसा स्वतःची दफनभूमी नसते. जुन्या मंडळीकडे असते, पण सभासद वहीत नाव आहे का आणि वर्गणी थकली आहे का, हे तिथे पाहिलं जातं. दुःखात ही विचारणा जिव्हारी लागते.

फेलोशिपची जमेची बाजूही मोठी आहे. घरोघर प्रार्थना, आजारपणात रात्री दार वाजवणारं माणूस, तरुणांना आवडणारे कोरस, म्हणजे छोटी भक्तिगीतं. (जुन्या मंडळीतही आता कीबोर्ड आलाय.) धोका पैशाचा: दशांश (उत्पन्नाचा दहावा भाग दान) पास्टरच्या खात्यात जातो की नोंदणीकृत ट्रस्टच्या? ट्रस्ट म्हणाले, तर नोंदणी क्रमांक घ्या आणि धर्मादाय कार्यालयातून शेड्यूल एकचा उतारा काढा. त्यात विश्वस्त आणि मालमत्ता दोन्ही दिसतात.

अनेक घरं सकाळी जुन्या मंडळीत, संध्याकाळी फेलोशिपला जातात, आणि आमच्या मते तेच सोयीचं. फक्त सभासदत्व जुन्या मंडळीत ठेवा. त्यासाठी आधीच्या पाळकाकडून बदलीपत्र आणा, त्यावर बाप्तिस्मा आणि दृढीकरणाच्या तारखा हव्यात. त्या नसल्या की वहीत नाव चढायला महिने जातात.