कायमेराएक्समध्ये प्रथिनाचा सरफेस: रंग झकास, पट्टी मात्र स्वतः ठरवा

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को शाखेत तयार झालेलं कायमेराएक्स हे रेणूंची त्रिमिती चित्रं काढणारं सॉफ्टवेअर शैक्षणिक, बिगर-व्यावसायिक कामाला मोफत आहे. कंपन्यांना परवाना लागतो. सरफेस, म्हणजे प्रथिनाचा बाहेरचा पृष्ठभाग, रंगवण्यात त्याचा हात धरणारं सॉफ्टवेअर शोधावं लागेल. पण रंगांची पट्टी (कोणत्या आकड्याला कोणता रंग) न तपासता चित्र लेखात टाकलं, तर तेच सॉफ्टवेअर तोंडघशी पाडतं.

युबिक्विटिन हे छोटं प्रथिन उघडा (प्रथिनरचनांच्या ‘पीडीबी’ संग्रहातला क्रमांक १यूबीक्यू, ७६ अमिनो आम्लं). आधी ‘सरफेस’, मग ‘एमएलपी’ ही कमांड द्या. जलविरोधी भाग सोनेरी, जलस्नेही भाग गडद निळसर हिरवा आणि मधला पांढरा दिसतो. ल्युसिन ८, आयसोल्युसिन ४४ आणि व्हॅलिन ७० (आकडा म्हणजे साखळीतला क्रमांक) या अमिनो आम्लांचा सोनेरी डाग शोधा; युबिक्विटिन ओळखणारी बरीच प्रथिनं इथेच येऊन चिकटतात.

विद्युतभारासाठी ‘कुलंबिक’ आहे. ऋण भाग लाल, धन भाग निळा, पट्टी उणे १० ते अधिक १०. हा साधा कूलॉम नियमाचा हिशोब आहे, द्रावणातले क्षार त्यात धरलेले नाहीत. आकड्यांवर निष्कर्ष काढायचा असेल तर क्षारही धरणाऱ्या एपीबीएस या सॉफ्टवेअरकडे वळा. स्फटिकरचनेत लायसिन किंवा ग्लुटामेटच्या बाजूच्या साखळ्या अर्धवट असतील तर त्यांचा भार नीट धरला जात नाही आणि निळा किंवा लाल हवा तिथे पांढरा दिसतो. त्या साखळ्या आधी पूर्ण करून घ्या.

हिमोग्लोबिनसारख्या चार साखळ्यांच्या प्रथिनात आणखी एक गोम आहे. सॉफ्टवेअर प्रत्येक साखळीला वेगळा सरफेस देतं आणि हीम (त्यातला लोहयुक्त रेणू), पाणी बाहेर ठेवतं. सगळ्यांचा मिळून एकच सरफेस हवा असेल तर ‘एन्क्लोज’ वापरा.

बी-फॅक्टरवरून, म्हणजे अणू किती डळमळीत आहे या आकड्यावरून, रंगवताना सगळ्यात जास्त घोळ होतो. रेंज न देता मॉडेलं एकेक करून रंगवली, तर प्रत्येकाच्या किमान-कमाल आकड्यांवर पट्टी ताणली जाते. मग एकातला लाल आणि दुसऱ्यातला लाल यांचा एकमेकांशी संबंध उरत नाही. दोन्हींना एकच रेंज द्या आणि ‘की’, म्हणजे चित्रावरची रंगसूची, चालू ठेवा. अल्फाफोल्ड या रचनेचा अंदाज बांधणाऱ्या प्रणालीच्या फाइलमध्ये तर त्याच रकान्यात विश्वासाचा गुण असतो. तिथे जास्त आकडा म्हणजे चांगलं, स्फटिकरचनेत जास्त आकडा म्हणजे डळमळीत अणू. म्हणून ‘अल्फाफोल्ड’ नावाचं तयार पॅलेटच घ्या.

सरफेसवर एखादंच अमिनो आम्ल रंगवताना ‘टार्गेट एस’ जोडा, नाहीतर आतली रिबनही (साखळी दाखवणारी फीत) रंगते. सरफेस ज्या जाळीवर त्रिकोणांनी बांधला जातो, त्या ग्रिडचं अंतर मुळात ०.५ अँगस्ट्रॉम असतं. ०.२५ केलं की त्रिकोण साधारण चौपट होतात, आणि मोठ्या संकुलात मशीन हाशहुश करू लागतं. ते फक्त शेवटच्या चित्रासाठी ठेवा.

पायमोल या दुसऱ्या अशाच सॉफ्टवेअरमध्ये ‘सरफेस कलर’ एकदा ठरवून ठेवला की नंतरची ‘कलर’ कमांड सरफेसवर दिसतच नाही. इथे ती डोकेदुखी नाही.

प्रकाशयोजना मात्र जपून निवडा. ‘सॉफ्ट’मध्ये खोबणीवर सावली पडते आणि पांढरा भाग राखाडी होतो, मग तो रंग की-शी जुळत नाही. खोली दाखवायला ‘सॉफ्ट’ सुंदर आहे, पण रंग वाचायचे असतील तर ‘सिंपल’ घ्या आणि चित्र ३००० पिक्सेल रुंद, सुपरसॅम्पल ३ ठेवून सेव्ह करा.