पावडर तपासणारी लॉक-आउट डाय: घरी काडतुसे भरणाऱ्यांसाठी एक परीक्षण

घरी काडतुसे पुन्हा भरणाऱ्याला ज्या दोन चुकांची सर्वाधिक धास्ती असते, त्या दोन्ही पितळी केसमध्ये (काडतुसाच्या कवचात) पावडर, म्हणजे दारू, किती पडली याच्याशी निगडित आहेत. पावडर पडलीच नाही तर केसच्या बुडाशी असलेल्या, ठिणगी देणाऱ्या एकट्या प्रायमरच्या जोराने गोळी नळीत शिरून तिथेच अडकते, आणि तो फुसका आवाज ध्यानात न घेता नेमबाजाने पुन्हा चाप ओढला तर नळी फुगते किंवा फुटते. पावडर दोनदा पडली तर दाब इतका वाढतो की रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरचे तुकडे होऊ शकतात. आरसीबीएस या अमेरिकी कंपनीची लॉक-आउट डाय, म्हणजे काडतुसे भरण्याच्या हातयंत्रावर (प्रेसवर) बसवायचा एक सुटा भाग, नेमक्या याच दोन चुका पकडण्यासाठी बनवलेली आहे.

मी अमेरिकेत राहतो आणि कागदी लक्ष्यावरच्या नेमबाजीसाठी .३८ स्पेशल या रिव्हॉल्व्हरच्या प्रकारची काडतुसे भरतो. येथे स्वतःच्या वापरासाठी काडतुसे भरायला संघराज्य सरकारचा परवाना लागत नाही. विक्रीसाठी भरायची असतील तर लागतो. भारतात मात्र शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करण्यास मनाई आहे, त्यामुळे तेथील वाचकांनी हे परीक्षण केवळ माहिती म्हणूनच वाचावे.

.३८ स्पेशलच्या बाबतीत हे उपकरण विशेष महत्त्वाचे का ठरते, याचे कारण त्या काडतुसाच्या इतिहासात आहे. १८९८ च्या सुमारास त्याचा जन्म झाला तेव्हा केसमध्ये काळी पावडर भरली जाई आणि तिला जागा भरपूर लागे. आज लक्ष्यभेदासाठी बुल्सआयसारखी जलद जळणारी पावडर वापरली, तर तीन ग्रेनच्या आसपासचा भरणा (एका केसमधली पावडर) पुरतो. म्हणजे एका ग्रॅमचा पाचवा हिस्साही नाही. एवढीशी पावडर त्या उंच केसच्या तळाशी पडून राहते, आणि ती चुकून दोनदा पडली तरी केस काठोकाठ भरत नाही की बाहेर सांडत नाही. केस जेवढी मोठी आणि भरणा जेवढा लहान, तेवढी ही चूक डोळ्यांतून निसटण्याची शक्यता अधिक.

डायची रचना पूर्णतः यांत्रिक आहे. बॅटरी नाही, दिवा नाही. प्रेसवर पावडर पडण्याच्या जागेनंतर आणि गोळी बसवण्याच्या जागेआधी ती बसवायची असते. केस वर आली की डायमधली एक दांडी केसमध्ये उतरून पावडरच्या पृष्ठभागावर टेकते. तिची उंची ठरलेल्या मर्यादेत असेल तर प्रेसचा दांडा सहज फिरतो. दांडी फार खाली गेली किंवा फार वर राहिली, तर डायमधली कळ अडकते आणि प्रेसचा दांडा पुढे सरकतच नाही. बसवताना मी मुद्दाम एक रिकामी आणि एक दुप्पट पावडर भरलेली केस तिच्याखालून नेली. दोन्ही वेळा हात असा थबकला की पुढे जोर लावण्याची इच्छाच होऊ नये, आणि तो लावूही नये. दांडा हलकेच मागे घेऊन ती केस काढायची आणि तिच्यातली पावडर तराजूवर तोलायची.

आवाज करून इशारा देणारी उपकरणेही बाजारात आहेत. ती वाईट नाहीत, पण कानांवर संरक्षक असतील किंवा शेजारी केसेस घासून स्वच्छ करणारे यंत्र घरघरत असेल तर ती पिपाणी ऐकू येईलच असे नाही, आणि ऐकू आली तरी हात आपल्या लयीत पुढे गेलेला असतो. आपले लक्ष कधीच विचलित होत नाही असे ज्यांना वाटते, त्यांच्या घरी बहुधा फोन नसावा. हात अडवणारे उपकरण मला म्हणूनच अधिक पटते.

गैरसोयीही आहेत. ही डाय प्रेसवरची एक जागा अडवते. डिलन ५५० सारख्या चार जागांच्या प्रेसवर त्यामुळे गोळी बसवणे आणि केसची कड आवळणे ही दोन्ही कामे एकाच डायने उरकावी लागतात. तरीही त्या प्रेसवर हिची गरज जास्त आहे, कारण तिथे केसेसची तबकडी हाताने फिरवावी लागते आणि फिरवायचे विसरले की तीच केस पुन्हा पावडरखाली जाते. दांडीच्या टोकाला पावडरचे कण चिकटतात, ते अधूनमधून पुसावे लागतात. भरणा बदलला की बरोबर तोललेली केस खाली ठेवून दांडीची उंची नव्याने लावावी लागते.

सर्वांत मोठी मर्यादा अशी, की ही डाय पावडरची उंची पाहते, जात नव्हे. थोडासा कमी-अधिक भरणा तिला कळत नाही आणि प्रेसवरच्या पावडरच्या डब्यात चुकीचीच पावडर ओतलेली असेल तर तेही कळत नाही. त्यामुळे टेबलावर एका वेळी एकच पावडर ठेवणे, काम संपताच ती मूळ डब्यात परत ओतणे, भरण्याचे आकडे केवळ प्रकाशित पुस्तिकेतून घेऊन खालच्या आकड्यापासून सुरुवात करणे आणि ठरावीक अंतराने एखादा भरणा तराजूवर तोलणे, ही कामे माणसालाच करावी लागतात. संरक्षक चष्मा आणि नंतर हात धुणे तर वेगळे सांगायलाच नको. बहुतेक प्रायमरमध्ये शिशाचे संयुग असते, म्हणून त्या टेबलावर चहाचा कपसुद्धा आणू नये.

एका वेळी एकच काम करणारी एकेरी प्रेस वापरणाऱ्यांनी या डायवर पैसे खर्च करू नयेत. पन्नास केसेस ठोकळ्यात उभ्या करून गोळ्या बसवण्याआधी विजेरीच्या उजेडात सगळ्यांत एकदा डोकावले, तर हीच तपासणी फुकटात होते. फिरत्या तबकडीच्या प्रेसवर सरळ भिंतींच्या केसेस भरणाऱ्यांनी मात्र ती प्रेससोबतच घ्यावी.