‘स्प्लेंडर अँड मिझरी’: अनेक महिन्यांच्या ऐकण्यानंतर

लॉस एंजेलिसच्या ‘क्लिपिंग’ या प्रयोगशील हिप-हॉप त्रिकुटाचा ‘स्प्लेंडर अँड मिझरी’ हा अल्बम गेले अनेक महिने माझ्या ऐकण्यात आहे आणि त्याबद्दलचे माझे मत आता बऱ्यापैकी पक्के झाले आहे. त्यातले दोन-तीन ट्रॅक या गटाच्या उत्तम कामात मोडतात. उरलेल्यांपैकी बरेचसे मात्र कथेला टेकू देण्यापुरतेच आहेत. सप्टेंबर २०१६ मध्ये सब पॉप आणि डेथबॉम्ब आर्क या लेबलांनी काढलेल्या या अल्बमात १५ ट्रॅक आहेत आणि एकूण लांबी जेमतेम ३७ मिनिटांची आहे. हे आकडे शेजारी ठेवले की दुखणे कुठे आहे ते लगेच दिसते: बरेच ट्रॅक अगदी तोकडे आहेत.

कथा अशी की गुलामांना वाहून नेणाऱ्या एका अंतराळयानावर बंड होते आणि त्यातून एकच जण वाचतो. यानाच्या दफ्तरी त्याला नाव नाही, मालाचा क्रमांक आहे: २३३१. त्याच्यावर पाळत ठेवणारा यानाचा संगणक हळूहळू त्याच्या प्रेमात पडतो. विज्ञानकथेसाठी दिल्या जाणाऱ्या ह्यूगो पुरस्काराचे नामांकन २०१७ मध्ये या अल्बमाला मिळाले. संगीताच्या वाट्याला हा मान क्वचितच येतो. रॅप डवीद डिग्जचा आहे, ज्याला ‘हॅमिल्टन’ या संगीतिकेतील कामासाठी २०१६ मध्येच टोनी पुरस्कार मिळाला होता. विल्यम हटसन आणि जोनाथन स्नाइप्स हे दोघे ध्वनीची बाजू सांभाळतात आणि दोघांचाही ओढा नेहमीच्या बीटपेक्षा गोंगाट, खरखर, यंत्रांचे आवाज यांच्याकडे अधिक आहे. त्यांच्या २०१४ च्या अल्बमात तर गजराच्या घड्याळाच्या टिटिटिट आवाजावर एक अख्खे गाणे उभे केलेले आहे.

‘ऑल ब्लॅक’ हा ट्रॅक मी सर्वांत जास्त वेळा ऐकला आहे आणि तो अजून शिळा झालेला नाही. त्यात ड्रम जवळपास नाहीतच. यानाची संथ घरघर, मधूनच एखादा बीप, आणि त्यावर संगणकाच्या भूमिकेतून बोलणारा डिग्ज. सुरुवातीला तो रीतसर इशारा देतो की अमुक क्रमांकाच्या मालाने यान ताब्यात घेतले आहे. पुढे हाच इशारा पुन्हापुन्हा येत राहतो, त्याची धाटणी तशीच सरकारी राहते, पण आतला मजकूर पालटत जातो: आधी कैद्याच्या हालचालींची नोंद, मग त्याच्या एकटेपणाची दखल, आणि शेवटी पाठलाग करणाऱ्यांनाच दिलेली ताकीद की त्याच्या वाटेला जाऊ नका. या गटाचा एक जुना नियम आहे की गाण्यांच्या शब्दांत प्रथमपुरुष वापरायचा नाही. इतर अल्बमांत हा नियम कधीकधी निव्वळ हट्ट वाटतो. इथे मात्र ‘मी’ म्हणण्याची सोयच नसलेल्या यंत्राला प्रेम व्यक्त करायचे आहे, आणि ते अहवालाच्या भाषेतच करावे लागते, त्यामुळे नियमाचे सोने झाले आहे. फक्त हा ट्रॅक मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नये, कारण खालची घरघर तिथे गायब होते आणि उरते ते नुसते पाठांतर.

अडचण सुरू होते ती इंटरल्यूडपाशी, म्हणजे गाण्यांच्या मधे येणाऱ्या छोट्या तुकड्यांपाशी. अशा तीन इंटरल्यूडांपैकी दोन फ्रीस्टाइल आहेत, म्हणजे आयत्या वेळी जुळवत म्हटलेला, खराब रेडिओ-संदेशासारख्या खरखरीत बुडवलेला रॅप, आणि तिसऱ्यात एक आवाज सांकेतिक भाषेत निर्विकारपणे वाचत राहतो. पहिल्या काही वेळा त्यांनी वातावरण तयार होते हे मान्य आहे. पण वातावरण एकदा अंगवळणी पडले की त्यांचे काम संपते, आणि नंतर बोट आपोआप पुढच्या ट्रॅककडे वळते. ‘लाँग वे अवे’चेही काहीसे तेच. अमेरिकेतील गुलामांच्या भक्तिगीतांच्या वळणाचे, अनेक गळ्यांनी मिळून गायलेले हे गाणे सुंदरच आहे. गुलामांचे जहाज आणि अंतराळयान यांना जोडणारा धागा तेच आहे. परंतु प्रस्तावना, मूळ गाणे आणि वाद्यरूप अशा तीन फेऱ्या एवढ्या छोट्या अल्बमात जास्त होतात. वाद्यरूप वगळले असते तर काहीच बिघडले नसते. ‘स्टोरी ५’ हे वाद्यांविना गायलेले गाणे त्यांच्या आधीपासून चालत आलेल्या मालिकेतले आहे. एरवी ते मन लावून ऐकावे असे आहे, पण यानाच्या कथेत ते पाहुणे म्हणून येते आणि पाहुणे म्हणूनच जाते.

‘एअर एम आउट’ हा सर्वांत सोपा आणि लगेच पकडणारा ट्रॅक: भक्कम बास, ठसठशीत ठेका, आणि ओळींमध्ये विज्ञानकथांचे संदर्भ पेरलेले. मित्रांना ऐकवायला तोच बरा. उलट ‘बेबी डोन्ट स्लीप’ हा खरखरीच्या फटकाऱ्यांवर चालणारा ट्रॅक रात्री हेडफोनवर ऐकणे म्हणजे शिक्षा आहे, आणि तरीही तो मला अल्बमातला दुसरा उत्तम ट्रॅक वाटतो, कारण एकटेपणाने पोखरलेले डोके त्या आवाजातच ऐकू येते. त्याला लागूनच शेवटचा ‘अ बेटर प्लेस’ येतो आणि त्यात नायक सगळे मागे टाकून अज्ञात दिशेला यान वळवतो. त्यातला उजळ, चढता सूर आधीच्या छळानंतरच पटतो. सुटा ऐकला तर तो चक्क गुळमट वाटतो, आणि शफलवर ऐकणाऱ्यांची नेमकी हीच फसगत होते.

त्यामुळे सध्या मी पूर्ण अल्बम क्वचित लावतो. ‘ऑल ब्लॅक’ वेगळा ऐकतो आणि शेवटचे दोन ट्रॅक मात्र नेहमी जोडीनेच. या गटाची ओळख करून घ्यायची असेल तर २०१४ चा अल्बम आधी घ्यावा. विज्ञानकथा आवडत असेल आणि रॅपचा गंध नसेल, तर मात्र थेट इथूनच सुरुवात करायला हरकत नाही. पहिल्यांदा शब्द समोर ठेवून, इंटरल्यूड न वगळता, सलग ऐकावे. डिग्जचा वेग असा आहे की ‘द ब्रीच’मधला रॅप शब्द वाचल्याशिवाय पकडीत येत नाही.